डॉक्टर, पेशंट घरी आहे… जरा चला!

शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९५०. इराणमधलं काशान शहर. शुक्रवार हा तिकडचा सुटीचा वार. पण डॉक्टरला कसली आलीय सुटी? डॉ. सुलेमान बर्जीस यांना बोलावणं आलं. घरात आजारी माणूस आहे, तुम्ही यायलाच हवं! डॉक्टर निघाले. बोलावणं आलं की जायचं, एवढंच त्यांना आयुष्यभर माहीत होतं.

ज्या घरात त्यांना नेण्यात आलं, तिथं आजारी कुणीच नव्हतं. तिथं माणसं दबा धरून बसली होती. कटात एकूण आठ जण होते. सुरे निघाले. डॉक्टरांच्या अंगावर ८१ जखमा झाल्याची नोंद आहे. आणि काम उरकल्यावर हे आठ जण पळाले का? मुळीच नाही! धार्मिक घोषणा देत ते रस्त्यानं सरळ पोलीस ठाण्यात गेले आणि आम्हीच मारलं म्हणून सांगून मोकळे झाले. पकडलं जाण्याची भीती त्यांना नव्हती. ती का नव्हती, ते पुढे कळेलच.

डॉक्टरांचा गुन्हा एकच. ते बहाई होते.

हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. इराणबाहेरच्या वाचकाला ते ठाऊक असण्याचं कारणही नाही. ना त्यांनी एखादं औषध शोधलं, ना एखादी मोठी शस्त्रक्रिया केली. ते एका जुन्या गावातले साधे फॅमिली डॉक्टर होते. पण अशा डॉक्टरांच्या जाण्यानं गावातल्या किती घरांची घडी विस्कटते, हे ज्यांनी आपला जुना डॉक्टर गमावलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

हकिमांचं घराणं

सुलेमान बर्जीस यांचा जन्म १८९७ चा. घराणं मूळचं ज्यू. वडीलही हकीम. 'बर्जीस' हे आडनाव मात्र नंतरचं. इराणात पूर्वी आपल्यासारखी आडनावं नव्हतीच. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात कायदा झाला, तेव्हा प्रत्येक घरानं आपापलं आडनाव निवडलं. फारसीत बर्जीस म्हणजे गुरू ग्रह. आकाशातला सगळ्यांत थोरला ग्रह. हौसेनं निवडलेलं नाव असावं!

काशान हे तेहरानच्या दक्षिणेला सुमारे अडीचशे किलोमीटरवरचं, वाळवंटाच्या कडेला वसलेलं शहर. उन्हाळ्यात तिथं जीव नकोसा होतो. म्हणून जुन्या घरांवर वारा खाली खेचून घेणारे उंच मनोरे. तिथले गालिचे जगभर गेले आणि जवळच्या कमसर गावचं गुलाबपाणी आजही दूरदूर जातं. भिंतींवरच्या रंगीत चकचकीत फरशांना फारसीत 'काशी' म्हणतात, तो शब्द याच गावावरून आलेला. अशा या गावात ज्यूंची वस्ती जुनी आणि त्यातली कित्येक घरं वैद्यकी करणारी.

आणि इथं एक मोठी गंमत आहे. गंमत म्हणायची, पण तशी ती विदारकच. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ज्यू माणूस अपवित्र. त्याचा ओला हात लागला तरी विटाळ. पावसापाण्यात त्यानं रस्त्यावर येऊ नये, त्याच्या अंगावरून ओघळलेल्या पाण्यानं इतरांना बाट लागेल, असेही निर्बंध काही ठिकाणी असत. (आपल्याला यातलं काहीच नवं वाटणार नाही, नाही का?) पण घरातलं पोर तापानं फणफणलं की याच ज्यू हकिमाला बोलावणं जायचं. तो यायचा, नाडी बघायचा, पुड्या द्यायचा. त्या वेळी त्याचा हात चालायचा! म्हणजे ज्या उंबऱ्यातून इतर ज्यूंना आत येता येत नव्हतं, तो उंबरा हकीम ओलांडत असे. गावातल्या सगळ्या जातिधर्मांच्या घरांत आतपर्यंत गेलेला असा दुसरा माणूस गावात नव्हता.

यातल्याच अनेक घरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहाई धर्म स्वीकारला. काशानमध्ये आणि हमदानमध्ये विशेष. बहाई इतिहासात तेहरानच्या हकीम मसीह यांची हकिकत सांगतात. ते शाही दरबाराचे ज्यू वैद्य. तुरुंगात एका बहाई कैद्याचं मूल आजारी पडलं. कैदी बहाई, म्हणून कुणी वैद्य जाईना. हकीम मसीह गेले आणि पुन्हापुन्हा जात राहिले. पोर बरं होईपर्यंत कैद्याशी त्यांची बोलणी होत राहिली आणि शेवटी हकीम स्वतःच बहाई झाले. तेहरानमधले ते पहिले ज्यू बहाई मानले जातात. सारी सुरुवात एका व्हिजिटपासून!

कमळाचं मंदिर पाहिलंय ना?

दिल्लीला सहलीला गेलेलं मराठी कुटुंब कुतुबमिनार आणि लाल किल्ल्याबरोबर 'लोटस टेंपल' पाहून येतंच. २७ संगमरवरी पाकळ्यांचं, नऊ दारांचं, १९८६ च्या डिसेंबरात खुलं झालेलं ते मंदिर म्हणजे बहाईंचं प्रार्थनास्थळ. ते उभारणारे वास्तुविशारद फरीबोर्ज साहबा हेही इराणी बहाईच. आत मूर्ती नाही, पुजारी नाही, प्रवचन नाही. बोलायचं नाही, बसायचं. मुलं कंटाळतात, मोठ्यांना बरं वाटतं.

या धर्माची सुरुवात १८४४ साली शिराझ शहरात झाली. 'बाब' नावानं ओळखल्या जाणाऱ्या तरुणानं नव्या युगाची घोषणा केली. १८५० साली तबरीझमध्ये त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. त्यानंतर बहाउल्लाह (१८१७ ते १८९२) यांनी धर्माची शिकवण मांडली. सगळ्या धर्मांचा उगम एक, माणसं सगळी एक, स्त्री-पुरुष समान, मुलींचं शिक्षण आवश्यक. धर्मगुरूंचा वर्गच नाही. पक्षीय राजकारणात पडायचं नाही. सेवाभावानं केलेलं काम हीच उपासना. आणि विशेष म्हणजे आजारपणात कुशल वैद्याचा सल्ला घ्या, असं यांच्या धर्मवचनांतच सांगितलेलं. प्रार्थना करा, पण डॉक्टरलाही बोलवा! अशा समाजात डॉक्टर मोठ्या संख्येनं निपजले, यात नवल ते काय?

महाराष्ट्राला हे लोक अगदीच परके नाहीत. इराणातून मुंबई-पुण्यात येऊन स्थायिक झालेल्या इराण्यांमध्ये बहाई कुटुंबंही होती. पाचगणीची 'न्यू एरा' शाळा १९४५ साली बहाईंनीच सुरू केली.

इराणात मात्र यांची गोष्ट वेगळी. इस्लामनंतर नवा प्रेषित येऊ शकतो, हे मानणंच तिथल्या मुल्ला-मौलवींना पाखंड वाटलं. ज्यू, ख्रिस्ती, पारशी हे निदान जुने धर्म म्हणून गणले जातात. इराणच्या १९७९ च्या राज्यघटनेतही त्या तिघांचीच अल्पसंख्य म्हणून नोंद आहे. बहाई हा तिथला सर्वांत मोठा बिगरमुस्लिम समाज. त्यांची नोंदच नाही!

दवा आणि दारू

डॉ. बर्जीस यांचा काळ म्हणजे इराणात जुनी हकिमी मागे पडून नवी वैद्यकी येण्याचा काळ. तेहरान विद्यापीठाची स्थापनाच मुळी १९३४ ची. मलेरिया, विषमज्वर, खुपऱ्यांनी जाणारे डोळे, बाळंतपणात दगावणाऱ्या बायका… लहान गावात शिकलेला एक डॉक्टर असला तरी पुष्कळ. फारसीत औषधाच्या दुकानाला 'दारूखाने' म्हणतात. दचकू नका! तिकडे दारू म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू' या शब्दात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. बाकी आपण दारूचं काय केलं, ते सांगायला नको.

बर्जीस यांच्याविषयी लिहिणाऱ्या सर्वांनी एक गोष्ट सांगितली आहे. गरिबांकडून ते पैसे घेत नसत. ज्याला औषध परवडत नसेल त्याला औषधही देत. पेशंट बहुतेक मुसलमानच, कारण गावच मुसलमानांचं. त्यांत श्रीमंत व्यापारी होते, तसे गालिचे विणणारे कारागीरही.

अशा माणसाचं चरित्र लिहिताना त्याचा संत होऊन जातो, हा धोका असतो. हुतात्मा म्हटलं की माणूस भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसतो. मला स्वतःला त्यांच्या थोरवीपेक्षा त्यांच्या रोजच्या कामाचं जास्त अप्रूप वाटतं. विचार करा. ज्या गावातल्या मशिदींतून आपल्या धर्माविरुद्ध बोललं जातंय, त्याच गावात रोज उठून घरोघर जायचं. ज्या घरात जाऊ तिथं आपल्याबद्दल काय बोललं जातं याचा अंदाज असतोच. तरीही बाळाची जीभ बघायची, म्हातारीच्या पोटावर हात ठेवायचा, जेवणानंतर दोन वेळा म्हणून सांगायचं आणि पुढच्या घरी जायचं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं!

शिकागोहून आलेल्या डॉक्टरीणबाई

बर्जीस हे अशा डॉक्टरांच्या पंगतीतले एक. त्यांच्या आधीची एक हकिकत बायकांच्या जिव्हाळ्याची आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेहरानमधल्या काही बहाई डॉक्टरांना एक अडचण सतत भेडसावत होती. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नसत. दुखणं अंगावर काढायचं, नाहीतर सुईणीच्या हवाली व्हायचं. तेव्हा अमेरिकेतल्या बहाईंकडे मागणी गेली की एखादी लेडी डॉक्टर पाठवा.

आणि आल्या कोण? डॉ. सुसान मूडी. जन्म १८५१ चा. म्हणजे १९०९ साली तेहरानमध्ये पाऊल ठेवलं तेव्हा वय जवळजवळ ५८! आपल्याकडे या वयात नोकरदार माणूस निवृत्तीचा नारळ घेतो. या बाई नवा देश, नवी भाषा, नवी माणसं शिकायला निघाल्या. त्यांनी बायकांचे आजार पाहिले, बाळंतपणं केली आणि मुलींच्या शिक्षणासाठीही खटपट केली. 'तरबियत' या मुलींच्या शाळेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्यामागून आणखी काही अमेरिकन बहाई स्त्रिया, डॉक्टर, नर्स, शिक्षिका, तेहरानला आल्या. बाई १९३४ साली तेहरानमध्येच वारल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनं तरबियत शाळांना टाळं ठोकलं. निमित्त काय, तर बहाई सणाच्या दिवशी शाळा बंद ठेवली!

खून करून निर्धास्त

आता पुन्हा काशानकडे. १९४१ साली ब्रिटिश आणि रशियन फौजा इराणात घुसल्या, रझा शाहांना गादी सोडावी लागली आणि त्यांचा तरुण मुलगा गादीवर आला. बापाच्या धाकानं दबून असलेली धर्मपीठं पुन्हा बोलू लागली. यातूनच 'फिदाइयान-ए-इस्लाम' ही कडवी संघटना उभी राहिली. तिनं मार्च १९४६ मध्ये अहमद कसरवी या इतिहासकार लेखकाला तेहरानच्या न्यायालयाच्या इमारतीतच ठार केलं. मारेकरी सुटले. त्यातल्याच एकानं पुढे १९४९ च्या नोव्हेंबरात माजी पंतप्रधान हझीर यांचा खून केला. मग मात्र त्याला तातडीनं फाशी झाली. लेखकाला मारलं तर सुटका, मंत्र्याला मारलं तर फाशी! हा धडा काशानच्या आठ जणांनी नीट गिरवला असावा. बर्जीस यांच्या मारेकऱ्यांचा संबंधही याच संघटनेशी जोडला जातो.

पोलीस ठाण्यात ते का चालत गेले, याचं उत्तर इथं मिळतं. ते गुन्हा कबूल करायला गेलेच नव्हते. ते पुण्यकर्माची वर्दी द्यायला गेले होते.

आणि झालंही तसंच. त्यांच्या बाजूनं बाजारपेठेतली आणि धर्मपीठातली वजनदार मंडळी उभी राहिली. खटला तेहरानला चालला. कबुली होती, प्रेत होतं, ८१ जखमा होत्या. निकाल लागला, आरोपी निर्दोष!

त्या वेळी इराणचं सरकार पेचात होतं. तेलाचा वाद तापला होता, धर्मगुरूंना दुखवणं परवडणारं नव्हतं. एका गावातल्या एका डॉक्टरसाठी कोण वाईटपणा घेणार? राज्यकर्त्यांचा हा हिशेब जुनाच आहे. पण तो हिशेबही चुकला. मारेकरी सुटतात म्हटल्यावर पुढच्याच वर्षी, ७ मार्च १९५१ रोजी, पंतप्रधान रझमारा यांनाच मशिदीत गोळ्या घातल्या गेल्या. १९५५ साली रमझानमध्ये फल्सफी नावाच्या प्रवचनकारानं रेडिओवरून रोज बहाईंविरुद्ध आग ओकली आणि तेहरानमधल्या बहाई केंद्राचा घुमट पाडायला खुद्द लष्करातले वरिष्ठ अधिकारी कुदळ घेऊन हजर झाले.

एका गोष्टीचा मात्र उल्लेख करायलाच हवा. हा 'मुसलमान विरुद्ध बहाई' असा सरळ मामला समजू नये. काशानमध्ये डॉक्टरांना घरात घेणारे, त्यांच्या हातचं औषध पोराला पाजणारे मुसलमानच होते. आठ माणसं म्हणजे गाव नव्हे. मात्र गाव गप्प राहिलं तर आठ माणसांना पुरतं, हेही खरं.

फिनच्या बागेतला हमाम

काशानला गेलेले पर्यटक फिनची बाग पाहतात. सरूची उंच झाडं, निळ्या फरशीवरून वाहणारं पाणी. या बागेतल्या हमामात १८५२ च्या जानेवारीत मिर्झा तकी खान, म्हणजे अमीर कबीर, यांच्या नसा कापून त्यांना मारण्यात आलं. शाहाचाच हुकूम होता. अमीर कबीर हे इराणचे थोर सुधारक पंतप्रधान. देवीची लस त्यांनी लोकांत रुजवली, 'दारुल-फुनून' हे आधुनिक विद्यालय त्यांनी स्थापलं. इराणात आधुनिक वैद्यकीचं रीतसर शिक्षण तिथूनच सुरू झालं. पण १८५० साली बाबला मृत्युदंड देण्याचा हुकूमही याच अमीर कबीरांचा!

इतिहास असा विचित्र गाठी मारतो. ज्या माणसानं इराणला नवी वैद्यकी दिली त्यानंच बाबला मारलं, स्वतः काशानमध्ये मारला गेला, आणि त्यानंतर शंभर वर्षांच्या आतच त्याच काशानमध्ये त्याच वैद्यकीतला एक डॉक्टर बाबला मानतो म्हणून मारला गेला. त्या हमामात आज अमीर कबीरांच्या अखेरच्या प्रसंगाचे मेणाचे पुतळे मांडलेले आहेत. लोक रांगेनं बघतात.

पुन्हा दवाखाना, पुन्हा डॉक्टर

१९७९ च्या क्रांतीनंतर बहाईंचे हाल वाढले. दोनशेहून अधिक बहाई मारले गेले. त्यात डॉक्टर अनेक. प्रा. मनुचिहर हकीम हे फ्रान्समध्ये शिकलेले नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञ, तेहरान विद्यापीठातले अध्यापक. तेहरानच्या 'मीसाकिये' या बहाई रुग्णालयाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. क्रांतीनंतर ते रुग्णालय सरकारनं ताब्यात घेतलं. मित्रांनी देश सोडा म्हटलं असणारच, पण प्राध्यापक राहिले आणि पेशंट तपासत राहिले. १२ जानेवारी १९८१ रोजी त्यांना त्यांच्या दवाखान्यातच गोळी घालण्यात आली. त्याच वर्षी १४ जूनला हमदानमध्ये सात बहाईंना एकत्र मृत्युदंड दिला गेला. त्यांतही डॉक्टर होते.

पुढच्या पिढीला तर डॉक्टर होण्याची वाटच बंद झाली. बहाई मुलामुलींना विद्यापीठात प्रवेश नाकारला गेला. तेव्हा त्या समाजानं १९८७ साली आपलीच एक शिक्षणसंस्था काढली. काढून टाकलेले प्राध्यापक, दिवाणखान्यात भरणारे वर्ग, झेरॉक्सच्या नोट्स. त्यातूनही मुलं शिकली, बाहेरच्या देशांतल्या विद्यापीठांत गेली. पण पेशंटच्या अंगाला हात न लावता, इस्पितळाशिवाय, डॉक्टर कसा घडवणार?

बर्जीस यांचं प्रकरण बरीच वर्षं बहाईंच्या आठवणींपुरतंच राहिलं होतं. ते खणून वर काढलं नासिर मोहाजिर या परदेशात राहणाऱ्या इराणी इतिहासकारानं. या खुनाचा आणि खटल्याचा तपशीलवार वृत्तांत त्यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. मोहाजिर स्वतः बहाई नाहीत.

पाठोपाठ २००९ च्या फेब्रुवारीत, खुनाला ५९ वर्षं होत असताना, जगभर विखुरलेल्या इराणी लेखक, प्राध्यापक, कलावंतांनी एक जाहीर पत्र काढलं. मथळा होता, 'आम्हाला लाज वाटते'. बहाईंवरच्या दीड शतकाच्या जुलमाबद्दल आपण गप्प राहिलो, याची ती कबुली होती. सुरुवातीला त्यावर ४२ सह्या होत्या. नंतर त्या वाढत गेल्या.